निकाल कोण बघणार, यावर सगळं अवलंबून

शिक्षकांनी आपलं डिजिटल कौशल्य स्वतःच तपासावं म्हटलं की कुणीतरी विचारतंच, "शिक्षक स्वतःला पाचपैकी पाच देऊन मोकळे होतात, मग त्या स्व-मूल्यमापनाचं काय लोणचं घालायचं?" हा मुद्दा मला अर्धाच पटला. 'तुम्हाला तंत्रज्ञान वापरता येतं का?' असं मोघम विचारल्यावर 'नाही' कोण म्हणेल?

युरोपीय आयोगाचा शिक्षकांच्या डिजिटल क्षमतांसाठीचा २०१७ चा 'डिजकॉम्पएज्यू' आराखडा बघा. सहा क्षेत्रं, २२ क्षमता आणि भाषेच्या परीक्षांसारख्या ए१ ते सी२ अशा चढत्या पायऱ्या. त्यावर बेतलेली 'सेल्फी फॉर टीचर्स' ही प्रश्नावली २०२१ मध्ये आली. तिथे गुण द्यायचे नसतात, आपण वर्गात काय करतो त्याचं वर्णन निवडायचं असतं. समजा, गूगल फॉर्मवर चाचणी घेतली. ही झाली खालची पायरी. अपूर्णांकाच्या चौथ्या प्रश्नात निम्मा वर्ग अडकला हे उत्तरांच्या शीटवरून हेरून उद्याचा तास बदलला, की वरची. इथे थाप मारणं जरा जड जातं.

शिवाय निकाल फक्त त्या शिक्षकालाच दिसतो. आपल्याकडे माहिती भरली की ती केंद्रप्रमुखांकडून वर सरकणार, ही धास्ती आधीच असते. मग पाचपैकी पाचच येणार, दुसरं काय!

२०२० च्या शैक्षणिक धोरणात वर्षाला किमान ५० तासांचा व्यावसायिक विकास सांगितलाय. 'दीक्षा' या सरकारी ऑनलाइन व्यासपीठावरचे व्हिडिओ मागे चालू ठेवून प्रमाणपत्र काढण्यापेक्षा (करतात हो बरेच जण!) त्या ५० तासांतले निदान काही तास तरी स्वतःच्या कच्च्या पायरीवरून निवडू द्यावेत.