बोका बास्केटमध्ये जात नाही, संध्याकाळी डॉक्टरकडे न्यायचंय. मदत हवी आहे!

लालबागची_मोगरा: बोक्याला ६ वाजता डॉक्टरकडे न्यायचंय. सकाळपासून चारदा प्रयत्न केला. बास्केट दिसली की दिवाणाखाली भिंतीला चिकटून बसतो. सुकट ठेवून झाली. ढकललं तर पुढचे दोन्ही पाय दाराच्या कडेला रोवतो. आईचं मनगट ओरबाडलंय. नेमकं काय करू, लवकर सांगा.

खिडकीतली: दार समोरून की वरून? आमची बास्केट वर्षभर टीव्हीखाली उघडीच असते, आत जुनी गोधडी. मनी दुपारी तिथेच झोपते. फक्त डॉक्टरच्या दिवशी माळ्यावरून काढलीत तर तो पळणारच.

कोकणचा_दादरकर: हे ६ च्या आत कसं जमणार? सरळ उशीचा अभ्रा घ्या. गावाला आम्ही मांजर पिशवीतूनच नेतो.

खिडकीतली: मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये अभ्रा फाडून निसटला तर कुठे शोधणार?

साय_नको: दूध देत असाल तर बंद करा. बऱ्याच मोठ्या मांजरांना पचत नाही.

लालबागची_मोगरा: दूध देत नाही! दार समोरून. टॅक्सीने जाणार.

तळमजला: कशासाठी नेताय? लस असेल तर पुढे ढकला.

लालबागची_मोगरा: लस नाही. कालपासून सारखा लिटरमध्ये (त्याच्या शी-शूच्या वाळूच्या ट्रेमध्ये) जाऊन बसतो, ओरडतो, बाहेर येतो. शी अडकली असेल.

तळमजला: शू होतेय का? ट्रे उकरून बघा.

लालबागची_मोगरा: बघितला. कोरडा आहे. काल दुपारपासून शूने झालेला वाळूचा एकही गठ्ठा नाही. खालची जागा चाटत बसतो.

तळमजला: मग ६ ची वाट बघू नका, आत्ता निघा. बोक्यांची मूत्रनळी अरुंद असते, खडे किंवा चिकट मळ अडकून बंद होते. रक्तात पोटॅशियम वाढून हृदय थांबू शकतं. एक-दोन दिवसांत जीव जातो. मी एक रात्र थांबले होते, माझा वाचला नाही.
त्याला बाथरूममध्ये नेऊन दार लावा, तिथे लपायला जागा नसते. बास्केट उभी करा, तोंड वर. जाड टॉवेलात गुंडाळून मागच्या पायांकडून आत सोडा, पुढे काही दिसलं नाही तर पाय रोवत नाही. वरून चादर घाला. पोट दाबू नका.

कोकणचा_दादरकर: आधी धण्याचं पाणी पाजून बघा, उन्हाळी लागली असेल.

तळमजला: नको! आधीच तुंबलंय, वरून पाणी पाजून काय होणार? पॅरासिटामॉलही देऊ नका, मांजरांना ते विष आहे.

खिडकीतली: परळचं बैलघोडा हॉस्पिटल जवळ पडेल. निघतानाच फोन करा.

जुनी_मुंबई: बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हॉस्पिटल हे त्याचं खरं नाव. घोड्यांच्या ट्राम चालायच्या तेव्हापासूनचं आहे.

लालबागची_मोगरा: पोचलो. उभ्या बास्केटमध्ये दुसऱ्या प्रयत्नात गेला. मूत्रनळी बंदच होती. भूल देऊन कॅथेटर (शू काढायची बारीक नळी) घातला, लालसर शू निघाली. सलाईन चालू आहे, रात्री इथेच ठेवणार. तळमजला, तुम्ही विचारलं नसतं तर मी ६ पर्यंत सुकटच दाखवत बसले असते. घरी आणल्यावर खायला काय देऊ?

तळमजला: डॉक्टर सांगतील तेच. सुकट बंद. घरी आल्यावर रोज ट्रे बघा, गठ्ठे मोजा. आणि बास्केट माळ्यावर टाकू नका.