क्लच दाबला तरी गाडी पुढे ओढते: आधी वायर-ऑइल बघायचं की थेट बास्केट?

पांझरेकर, धुळे
टू-स्ट्रोक डर्ट गाडीचा क्लच सुटत नसला, म्हणजे लिव्हर पूर्ण दाबूनही पहिल्या गिअरमध्ये गाडी पुढे ओढत असली, उभ्या गाडीला न्यूट्रल सापडत नसलं, की आपल्याकडे ठरलेला इलाज एकच: नवा प्लेट सेट. माझ्या मते हा पैसा बहुतेक वेळा वाया जातो, कारण दुखणं बास्केटमध्ये, म्हणजे क्लचच्या प्लेटा ज्या बोटंवाल्या वाटीत बसतात तिच्यात असतं. पांझरा नदीच्या कोरड्या वाळूत आपण अर्ध्या क्लचवर जोर मारत गाडी काढतो. दर झटक्याला प्लेटांचे कान बास्केटच्या अॅल्युमिनियमच्या बोटांवर आदळतात आणि तिथे खाच पडत जाते. लिव्हर दाबल्यावर प्लेटा सरकून एकमेकींपासून सुट्या व्हायला हव्यात, त्या खाचेतच अडकून राहतात. नव्या प्लेटा टाकल्या तरी त्याच खाचेत बसतात. कव्हर उघडा, बोटांवरून नख फिरवा. नख अडकलं तर कारण सापडलं. बारीक कानस घ्या, खाच सपाट करा, गाडी चालू. नव्या बास्केटची वाट बघायची तर यामाहाच्या टू-स्ट्रोक आरएक्स १०० चं उत्पादन १९९६ मध्येच थांबलंय, हे विसरू नका.

केळीपट्टा, रावेर
दादा, कव्हर उघडायची एवढी घाई कशाला? पॅकिंग फाटतं, ऑइल सांडतं, आणि दोष निघतो वायरचा. आधी लिव्हरच्या मुळाशी ढील मोजा, २ ते ३ मिमी पुरते. जास्त असेल तर निम्मा दाब ढील भरण्यातच जातो आणि प्लेटा उचलल्याच जात नाहीत. वायर ताणली असेल, आत धूळ जाऊन घासत असेल, तरी तेच. इंजिनाकडचा दांडाही बघा. लिव्हर अर्धी दाबल्यावर तो वायरशी साधारण काटकोनात यायला हवा, तो कोन गेला की ओढ कमी पडते.

मग ऑइल. टू-स्ट्रोकमध्ये इंजिनाचं ऑइल पेट्रोलसोबत जळतं आणि गिअरबॉक्सचं वेगळं असतं, म्हणून त्या दुसऱ्या ऑइलकडे कुणी वर्षानुवर्षं बघतच नाही. आणि बदललं तर काय घालतात? आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो म्हणून सगळ्यात दाट ऑइल! दाट ऑइल प्लेटांच्या मध्ये चिकटून बसतं. मॅन्युअलमधल्याच ग्रेडचं, डब्यावर जासो एमए (ऑइलमध्ये चालणाऱ्या क्लचसाठीचा दर्जा) लिहिलेलं ऑइल घाला आणि मापात घाला. त्यानंतरही गाडी ओढली तर खुशाल पाना उचला.

पांझरेकर, धुळे
वायर बघायला माझी ना नाही, ते पाच मिनिटांचं काम. ऑइलचं मात्र पटत नाही. ऑइलमुळे चिकटणारा क्लच सकाळी गार असताना ओढतो. इंजिन बंद ठेवून गिअर टाका, लिव्हर दाबून गाडी मागेपुढे हलवा, प्लेटा सुटतात, आणि गाडी तापली की विषय संपतो. मी बोलतोय ते गार-गरम दोन्ही वेळा ओढणाऱ्या गाडीबद्दल. तिथे ऑइलचे तीन डबे ओतले तरी बास्केटची खाच भरून येणार नाही.

गॅरेजवाले नाना, अमळनेर
तुम्ही दोघं गार गाडीत आणि बास्केटमध्ये अडकलात. डर्टवाल्यांची खरी तक्रार तिसरीच असते: निघताना क्लच छान, वाळूत दोन फेऱ्या झाल्या की गाडी ओढायला लागते. तापून वाकलेल्या लोखंडी प्लेटांचं हे लक्षण. त्या बाहेर काढा, पुसा, जाड काचेवर ठेवा आणि फीलर गेजची, म्हणजे फट मोजायची ठरावीक जाडीची, पाती खालून घालून बघा. बऱ्याच मॅन्युअलमध्ये मर्यादा ०.१ ते ०.२ मिमीच्या आसपास आहे. निळी पडलेली प्लेट तर ठेवूच नका. फायबर प्लेटा, म्हणजे लोखंडी प्लेटांच्या मधल्या पकड देणाऱ्या प्लेटा, चांगल्या असतील तर त्या राहू द्या. नव्या टाकल्याच तर आधी रात्रभर ऑइलमध्ये बुडवून ठेवा, कोरड्या बसवल्या की पहिल्याच दिवशी चिकटतात.

गरम गाडीत आणखी एक गोष्ट घडते. प्लेटांचा थर फुगतो, त्यांना दाबून धरणारी प्रेशर प्लेट बाहेर सरकते आणि लिव्हरला ढील वाढते. पोरं तिथेच, रानात, वायर आवळतात. गाडी गार झाली की ढील उरतच नाही आणि क्लच स्लिप व्हायला, म्हणजे घसरायला लागतो. मग स्लिप होतोय म्हणून कडक स्प्रिंगा टाकतात. स्प्रिंग कडक म्हणजे वायर जास्त ताणते आणि क्लच पुन्हा सुटत नाही. वायर फक्त गार गाडीवर सेट करा, हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो.

आणि पांझरेकर, कानशीला माझा साफ विरोध. घासलं की बोटांमधली जागा रुंद होते, प्लेटांना खेळायला अंतर जास्त मिळतं आणि त्या पहिल्यापेक्षा जोरात आदळतात. नवी खाच आणखी लवकर पडते. बास्केटचं बोट तुटून गिअरमध्ये गेलं तर अख्खं इंजिन खोलावं लागेल.

सातपुड्याचा, चोपडा
नाना, तुमनं म्हननं खरं शे, पन नवी बास्केट आनू कोठून? कॉलेजच्या पोराने जुनी आरएक्स घेतली, बापाला न सांगता डर्टचे टायर टाकले. त्याला नव्या बास्केटचा भाव सांगितला तर तो गाडी विकून मोकळा होईल. कानस नको म्हणणं गॅरेजमध्ये बसून सोपं आहे.

गॅरेजवाले नाना, अमळनेर
भाऊ, पोराचा खिसा मलाही दिसतो. म्हणून एवढं मान्य करतो: नख जेमतेम अडकतंय इतकीच खाच असेल तर घासा. पण सगळी बोटं सारखी घासा. दोनच बोटं सपाट केली तर भार उरलेल्यांवर जातो. खाच पूर्ण जाईपर्यंत घासायचं नाही, कडा मोडून प्लेट सरकेल एवढंच. हबच्या, म्हणजे बास्केटच्या आतल्या मधल्या भागाच्या, खाचाही बघा, लोखंडी प्लेटा तिथे अडकतात आणि ते कुणीच तपासत नाही. शेवटी सगळं रॉकेलने धुवा, अॅल्युमिनियमचा एकही कण आत राहता कामा नये. खोल खाच असेल तर मात्र मी घासून देणार नाही, कुणी कितीही म्हटलं तरी.

पांझरेकर, धुळे
सगळी बोटं सारखी, हे मान्य. खोल खाचेचं अजून पटलेलं नाही. पार्ट मिळेपर्यंत गाडी दोन महिने उभी ठेवण्यापेक्षा घासून हळू चालवणं मला बरं वाटतं.

केळीपट्टा, रावेर
हळू चालवणार असाल तर वाळूत कशाला नेता? नाना म्हणतात ती काच-फीलरची तपासणी मी या रविवारी करतो. वायर मात्र आधीच बदलून घेतोय.