मदत हवी आहे: बीईटी कॅटेगरी २ वर पीएचडीसाठी लॅब कशी शोधायची?

एमएससी मायक्रोबायोलॉजी झालंय, सीएसआयआर नेट परीक्षा क्लिअर आहे पण जेआरएफ (ज्युनियर रिसर्च फेलोशिप) नाही, आणि डीबीटीच्या (केंद्र सरकारचा जैवतंत्रज्ञान विभाग) बीईटी या फेलोशिपच्या परीक्षेत कॅटेगरी २ आलीये, म्हणजे फेलोशिप डीबीटीच्या चालू प्रोजेक्टमध्येच मिळणार. महिना ३७,००० मिळाले तरच जमेल, पदरचे पैसे घालून पीएचडी शक्य नाही. रिसर्चच करायचाय, क्लास किंवा क्यूसीचा (क्वालिटी कंट्रोल) जॉब कृपया सुचवू नका. पुण्या-मुंबईतल्या बऱ्याच गाइडना त्यांचे पेपर वाचून मेल केले, उत्तर आलंच तर "स्वतःची फेलोशिप आहे का?" एवढंच. घरच्या अडचणीमुळे महाराष्ट्राबाहेर जाता येणार नाही. कोणत्या लॅबकडे डीबीटीचा प्रोजेक्ट चालू आहे आणि जेआरएफची जागा रिकामी आहे हे नेमकं कुठे बघायचं, आणि प्रोजेक्ट मध्येच संपला तर पीएचडी रजिस्ट्रेशनचं काय होतं?