मदत हवी आहे : अक्कांचा प्रस्ताव विद्यापीठाच्या पुरस्कारासाठी पाठवायचाय, पुरावे काय जोडू?

चिंचेचं_झाड

नमस्कार मंडळी,

एका विद्यापीठाने (नाव मुद्दाम देत नाही) स्त्री-पुरुष समानता आणि समाजसेवा यांसाठीच्या पुरस्काराचे प्रस्ताव मागवलेत. मी तिथल्या एका संलग्न महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आहे, त्यामुळे परिपत्रक माझ्या टेबलावरूनच पुढे गेलं. वाचल्याबरोबर आमच्या गावच्या अक्का आठवल्या. मुदत महिनाअखेरची आहे आणि त्या अर्जाने मला पार अडवून ठेवलंय.

अक्का म्हणजे सांगली जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या निवृत्त अंगणवाडी सेविका. माझ्या नात्यातल्या नाहीत, सगळ्या गावाच्याच अक्का. गावातलं देशी दारूचं दुकान त्यांनी आडव्या बाटलीच्या मतदानाने बंद पाडलं. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर (घरांच्या करआकारणीच्या वहीत) नवऱ्याबरोबर बायकोचंही नाव लागावं म्हणून घरोघरी बसून अर्ज भरून घेतले. चौदा-पंधरा वर्षांच्या पोरींची लग्नं होऊ दिली नाहीत. हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, तो पेपरात वाचून आमच्या ग्रामसभेतही तसा ठराव मांडायला लावला, आणि पुढच्या संक्रांतीला हळदीकुंकवाचं पहिलं वाण आळीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या विधवा आजींच्या हातात दिलं. शिवाय मार खाल्लेली बाई रात्री-अपरात्री ज्या दाराची कडी वाजवते ते दार त्यांचंच.

आता अर्जातले रकाने बघा. संस्थेचा नोंदणी क्रमांक. तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल. वृत्तपत्रांतली कात्रणं. यापूर्वी मिळालेले पुरस्कार. आणि 'लाभार्थ्यांची यादी, नाव, पत्ता व भ्रमणध्वनीसह'. ह्या शेवटच्या रकान्यापाशी मी अर्ज मिटला.

अक्कांची संस्था नाही. कात्रण एकच आहे, दारूबंदीचं. त्यात नाव सरपंचांचं, फोटो आमदारांचा आणि अक्का मागच्या रांगेत अर्ध्या कापलेल्या. त्यांच्याकडे आहे ती एक वही. आहाराच्या जुन्या रजिस्टरातली कोरी राहिलेली पानं दाभणाने शिवून केलेली. प्रत्येक ओळीत तारीख, बाईच्या नावाचं पहिलं अक्षर आणि पुढे एखाददुसरा शब्द. 'माहेरी.' 'केस.' 'परत गेली.' 'भावानं नेली.' 'टाके ४.' खाली तेच अक्षर, पुन्हा 'परत गेली'. एका अक्षरापुढे नुसतं 'नाही' लिहिलंय. मी विचारलं नाही.

तर ज्या कामाचा कागदच झाला नाही, किंवा झालेला दाखवता येत नाही, ते समितीपुढे कसं मांडायचं? संस्था नसेल तर अर्ज बाद होतो का? कुणी असे प्रस्ताव केले असतील किंवा छाननीला बसलं असेल तर कृपया सांगा.

तिखटमीठ

आधी एक खात्री करा, विद्यापीठ खरोखरचं आहे ना? तुम्ही आतल्याच आहात म्हणून ठीक, पण धागा वाचणाऱ्या इतरांसाठी लिहितो. हल्ली 'समाजरत्न' आणि 'मानद डॉक्टरेट' वाटणारी दुकानं झालीत. फोन येतो, तुमची निवड झालीय म्हणतात, मग नोंदणी शुल्क, मग दिल्लीच्या हॉटेलातला समारंभ. पदवी द्यायचा अधिकार कुणाला आहे ते विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्याने ठरलेलं आहे. नामांकनासाठी पैसे मागितले की तिथूनच मागे फिरा.

बाकी खऱ्या विद्यापीठांतही कुणाला द्यायचा ते आधी ठरतं आणि जाहिरात मागून निघते, हे माझं मत. पण पाठवा. अशा नावांची फाईल समितीपुढे गेलीच नाही तर त्यांना आयतंच फावतं.

दुपारची_एसटी

मी पंचायत समितीतून निवृत्त झालो. ताई, कागद झालेला नाही असं तुम्ही म्हणताय, मला ते पटत नाही. कागद झालाय, फक्त तो अक्कांच्या घरात नाही, सरकारी कपाटात आहे.

दारूचं घ्या. २००८ च्या आदेशाप्रमाणे गावातल्या किमान २५ टक्के महिला मतदारांच्या सह्यांचं निवेदन लागतं. उत्पादन शुल्कवाले एकेक सही पडताळतात, मग गुप्त मतदान. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली. आणि झालेल्या मतदानाच्या निम्मी मतं मिळून भागत नाही, गावातल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त बायकांनी आडवीवर शिक्का मारावा लागतो. जी बाई घरी बसली तिचं मत उभ्या बाटलीलाच गेल्यासारखं. म्हणून ही मतदानं कित्येक गावांत पडतात. तुमच्या गावात ते निघालं म्हणजे कुणीतरी भांगलणीला गेलेल्या बायका बांधावरून उठवून केंद्रावर आणल्यात. निवेदनाची प्रत, मतदानाचा निकाल, दुकान बंदचा आदेश, तिन्ही जिल्ह्याच्या राज्य उत्पादन शुल्क अधीक्षकांकडे मिळतील. निवेदनावर पहिली सही कुणाची आहे ते बघा.

नमुना ८ ही तर कर आकारणीची नोंदवही. अक्कांनी सुरू करायच्या आधीच्या सालची पाहा आणि आजची पाहा. बायकोचं नाव असलेली घरं दोन्हीत मोजा. विधवा प्रथेच्या ठरावाला सूचक-अनुमोदक असतात, ग्रामसभेच्या इतिवृत्ताची साक्षांकित प्रत ग्रामसेवकाकडून घ्या (आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं). बालविवाहाचंही तसंच. गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी ग्रामसेवक असतो आणि अंगणवाडी सेविका त्याची सहायक, त्यामुळे काही पत्रव्यवहार निघेल. मुलींची नावं मात्र त्यातून उचलू नका.

माहितीच्या अधिकारात अर्ज टाकलात तर दहा रुपयांत काम होतं, पण त्यांना तीस दिवस मिळतात आणि तुमची मुदत निघून जाईल. त्यापेक्षा सोमवारी दुपारी तीन ते पाच जा. जिल्हा कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत त्या वेळेत अभिलेख पाहू द्यायचे असा शासन निर्णय आहे. पाहून घ्या, पानं नोंदवा, मग नक्कल मागा.

कोर्टाची_पायरी

लाभार्थ्यांच्या यादीबद्दल. देऊ नका. रकाना रिकामाही सोडू नका, 'गोपनीयतेमुळे नावे दिलेली नाहीत' असं स्वच्छ लिहा. घरगुती हिंसाचारातल्या बाईचा पत्ता विद्यापीठाच्या फायलीत गेला की तो किती टेबलांवरून फिरेल ह्याला धरबंध नाही, आणि तिचा नवरा त्याच तालुक्यात असतो. बालविवाहातली एखादी मुलगी पोक्सोच्या (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) प्रकरणातली असेल तर तिची ओळख उघड करणं हा सरळ गुन्हा आहे.

पुरावा असा मिळवता येईल. २००५ च्या घरगुती हिंसाचारविरोधी कायद्याखाली संरक्षण अधिकारी असतात, महिला व बालविकास विभागाचे. अक्कांनी 'केस' लिहिलेल्या बायका बहुतेक त्यांच्याकडेच गेल्या असणार. त्यांच्याकडून पत्र मागा की अमुक काळात सदर महिलेने पीडितांना आमच्या कार्यालयापर्यंत आणलं. संख्या चालेल, नावं नकोत. सरकारी शिक्का असलेलं असं एक पत्र पन्नास कात्रणांना भारी पडतं.

बर्फाळ_मराठी

मी अमेरिकेत आयोवात असते, त्यामुळे तुमच्या अर्जाला थेट उपयोग किती ते माहीत नाही, पण विषयावरून आठवलं म्हणून लिहिते. आयोवा विद्यापीठात जीन ज्यू यांच्या नावाचा स्त्री हक्क पुरस्कार आहे. ह्या बाई तिथल्याच वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्राच्या प्राध्यापक. सहकाऱ्यांनी त्यांच्याबद्दल वर्षानुवर्षं गलिच्छ अफवा पसरवल्या, की विभागप्रमुखांशी संबंध ठेवून वर चढली. विद्यापीठाने तक्रारींना दाद दिली नाही, तेव्हा त्यांनी विद्यापीठावरच खटला भरला आणि १९९० मध्ये जिंकल्या. आता तेच विद्यापीठ त्यांच्या नावाने पुरस्कार देतं! मला हे वाचून आधी हसू आलं, मग बरंही वाटलं.

इकडे अशा पुरस्कारांना फायलीपेक्षा पत्रांना वजन असतं. पत्र लिहिणाऱ्याने स्वतः पाहिलेला एखादा प्रसंग सांगायचा, विशेषणं कमी. तुमच्या त्या वहीत 'टाके ४' आहे ना? म्हणजे अक्का त्या बाईला दवाखान्यात घेऊन गेल्या होत्या. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या तेव्हाच्या सिस्टर आज कुठे असतात बघा. नाव न घेता त्या दोन परिच्छेद लिहून देऊ शकतील.

चिंचेचं_झाड

सगळ्यांचे मनापासून आभार. सिस्टर निवृत्त होऊन मिरजेला असतात, नंबर मिळालाय.

रविवारी गावी जाऊन अक्कांशी बोलले. त्या जोंधळे निवडत बसल्या होत्या. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मला काय करायचाय गं पुरस्कार? आन् त्या शाली ठिवायच्या कुठं?" मी हट्ट धरला तेव्हा दोन अटी घातल्या. एक, वही मिळणार नाही, झेरॉक्ससुद्धा नाही. दोन, "सह्या गोळा करायला चौघीजणी माझ्यासंगं उनातान्हात फिरल्यात. मी यकटी व्हते व्हय? त्यास्नी सोडून माझंच नाव लिवणार आसशील तर ऱ्हाऊ दे."

आता परिपत्रकात 'व्यक्ती किंवा संस्था' एवढंच आहे. पाच बायका ही व्यक्तीही नाही आणि संस्थाही नाही.

टपालपेटी

मी एका विद्यापीठात छाननी समितीवर बसलेलो आहे, म्हणून पलीकडच्या बाजूने सांगतो.

संस्था नसली म्हणून अर्ज बाद होत नाही. व्यक्ती गटात नोंदणी आणि लेखापरीक्षणापुढे 'लागू नाही' लिहायचं. रकाना कोरा दिसला तरच कारकून 'अपूर्ण' म्हणून बाजूला टाकतो. संयुक्त नामांकन चालतं का, हे मात्र कुलसचिव कार्यालयाला लेखी विचारा, तोंडी उत्तरावर विसंबू नका. नाही म्हणाले तर नामांकन अक्कांचं करा, पण कार्याच्या वर्णनात पहिल्याच परिच्छेदात त्या चौघींची नावं, त्यांच्या संमतीने. अक्कांची अट तिथे पाळली जाते, आणि समितीलाही उमेदवार कशी आहे ते कळतं.

आता फायलीबद्दल. आमच्याकडे लग्नाच्या अल्बमसारख्या जाडजूड फायली येतात. प्रत्येक पानावर पाहुणे, हार, दीपप्रज्वलन. समितीला एका प्रस्तावाला वेळ मिळतो किती? पहिलं पान नीट वाचलं जातं, पुढची चाळली जातात. आणि पहिल्या पानावर बहुतेकांच्या 'अहोरात्र झटल्या', 'तळमळीने कार्य केले', 'महिलांना मुख्य प्रवाहात आणले'. अशी वाक्यं वाचून कुणाचंही काम डोळ्यांसमोर येत नाही.

तुम्ही असं काहीतरी लिहा: 'गावात अमुक घरे आहेत. अमुक साली त्यांपैकी इतक्या घरांच्या नोंदीत पत्नीचे नाव होते, आज इतक्या घरांच्या नोंदीत आहे. हे अर्ज यांनी घरोघरी बसून भरून घेतले.' पुढे कंसात परिशिष्टाचा क्रमांक. वहीची प्रत जोडायची नाही हे योग्यच, पण वही आहे, तिच्यात नोंदी कशा ठेवल्यात आणि ती का देत नाही, हे चार ओळींत जरूर लिहा. मी समितीवर असतो तर तिथे थांबलो असतो.

८०० शब्दांच्या वर जाऊ नका. पद्म पुरस्कारांच्या नामांकनालाही तेवढीच मर्यादा असते, आणि ते नामांकन कुणीही नागरिक ऑनलाइन करू शकतो. एकदा मजकूर घडवलात की इथे नाही झालं तरी राज्य शासनाच्या महिला व बालविकास विभागाच्या अहिल्यादेवी होळकर पुरस्काराला थोड्या फरकाने तोच वापरता येईल.

चिंचेचं_झाड

खूपच उपयोगी. कुलसचिवांना आजच पत्र देते. चौघींपैकी दोघींशी बोलणं झालं, एक हो म्हणाली, दुसरी 'ह्यांना विचारून सांगते' म्हणाली :(

अजून एक. काही घरांत शेतीच्या सातबाऱ्यावरही बायकांची नावं लागलीत. शेतकरी संघटनेची लक्ष्मीमुक्ती (बायकोच्या नावावर जमीन करायची मोहीम) चालू होती त्या काळातली काही, काही नंतर अक्कांनी पाठपुरावा करून लावलेली. हे कुठून काढायचं?

दुपारची_एसटी

सातबारा ऑनलाइन दिसतो, पण त्यावर आजची नावं असतात. नाव कधी आणि कशाने लागलं ते फेरफार नोंदीत मिळेल, तलाठ्याकडे. सगळ्या गावाच्या नोंदी काढत बसू नका, तुमचा जीव जाईल. पाच-सहा घरं अक्कांनाच विचारा आणि तेवढेच फेरफार घ्या. वारसाने लागलेली नावं त्यात धरू नका. नवरा गेल्यावर लागलेलं नाव वेगळं आणि तो जिवंत असताना सहहिस्सेदार म्हणून लागलेलं वेगळं, समितीत महसूल कळणारा एक जरी असला तरी तो हेच आधी बघेल.

आणि सोमवारी ग्रामपंचायतीत तीनच्या आधीच जाऊन बसा. शिपाई कपाटाची चावी खिशात घालून जेवायला जातो.