शब्दचर्चा: वाइनचं 'स्ट्रक्चर' मराठीत कसं सांगायचं?

वेलची:
एका फ्रेंच लेखाचं भाषांतर हातात आहे. दोन लाल वाइन शेजारी ठेवून केलेली तुलना आहे. एक इटलीच्या पिएमॉन्ते प्रांतातली बारोलो, दुसरी फ्रान्सच्या बुर्गोन्यमधल्या व्होल्ने गावची, पिनो न्वार द्राक्षाची. ग्लासात दोन्ही फिक्याच दिसतात, आंबटपणाही दोन्हींत चांगला. फरक कळतो तो घोट तोंडात गेल्यावर. तिथेच माझं घोडं अडलंय. लेखक बारोलोला 'शार्पांते' म्हणतो. 'शार्पांत' म्हणजे छपराखालचा लाकडी सांगाडा. इंग्रजीवाले यालाच स्ट्रक्चर म्हणतात. मी 'रचना' लिहिलं, तर ते कवितेबद्दल वाटतं म्हणून संपादकाकडून परत आलं. 'बांधणी' लिहिलं, तर साडी आठवते म्हणे. टॅनिन म्हणजे द्राक्षाच्या सालीतलं, बियांतलं तोंड सुकवणारं द्रव्य, त्यासाठी 'तुरटपणा' वापरला, त्यावरही लाल रेघ: "तुरट ही चव झाली, लेखक इथे स्पर्शाबद्दल बोलतोय." आमच्या घरी तर तुरट म्हटलं की तोंड आवळून येणं त्यात आलंच. तुमच्याकडे काय म्हणतात?

गावकूस:
रेघ मारणाऱ्याचं म्हणणं शास्त्राला धरून आहे. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतं, लाळेचा बुळबुळीतपणा जातो, आणि जीभ हिरड्यांवर कोरडी घासली जाते. म्हणजे तो स्पर्शच. पण म्हणून 'तुरट' शब्द चुकीचा कसा? आपल्याकडे कषाय हा षड्रसांतला एक. चरकसंहितेत त्याचं वर्णन काढून पाहा: जीभ ताठर आणि जड होते, कंठ बांधल्यासारखा होतो. सगळा स्पर्शच सांगितलाय, आणि तरी त्याला रस म्हटलंय. आपल्या शब्दाने चव आणि स्पर्श कधी वेगळे काढलेच नाहीत. बिनधास्त 'तुरट' लिहा.

तळकोकण:
आमच्याकडे काजूचा बोंडू खाल्ला की नुसतं तुरट लागलं असं कोणी म्हणत नाही. 'घसा धरतो' म्हणतात. आवळ्याने, चिंचेने दात आंबतात. कच्च्या केळ्याने जीभ राठ होते. तीन वेगळ्या जागा, तीन वेगळी क्रियापदं. भाषांतरात नामं शोधत बसण्यापेक्षा क्रियापदं वापरा ना ताई. 'बारोलो हिरड्या धरते, व्होल्ने धरत नाही.' एवढ्यात वाचकाला कळेल.

वेलची:
'धरते' फार आवडलं. पण व्होल्नेही थोडी धरतेच, फक्त लगेच सोडते. आणि स्ट्रक्चर म्हणजे नुसतं टॅनिन का?

तोरिनोकर:
नाही. इथे पिएमॉन्तेत राहून जे ऐकतो ते सांगतो. स्ट्रक्चरमध्ये टॅनिन येतं, आंबटपणा येतो, अल्कोहोल येतं, शिवाय पाणी उडून गेल्यावर मागे उरेल तो सगळा ऐवज. टॅनिनमुळे तोंड सुकतं त्याला इकडे 'अल्लाप्पांते' म्हणतात, तो वेगळा शब्द आहे. बारोलो शंभर टक्के नेब्बिओलो द्राक्षाची. या द्राक्षाची गंमत अशी की सालीतला रंग टिकाऊ नाही, लवकर विटकरी होतो, पण साल आणि बिया टॅनिनने भरलेल्या. त्यामुळे रंग बघून अंदाज केला की फसगत ठरलेली. पिनोची साल मुळातच पातळ, तिथे रंगही कमी आणि टॅनिनही कमी.
नियमाने बारोलो किमान 38 महिने मुरवावी लागते, त्यातले 18 लाकडात. रिझेर्व्हा, म्हणजे जास्त मुरवलेली, असेल तर 62 महिने. बारोलोतही गावागणिक फरक आहे. सेर्रालुंगाची कडक, ला मोर्राची त्या मानाने मवाळ. परवा सेर्रालुंगाची बाटली उघडली होती. पहिल्या घोटाला वरचा ओठ दातांना चिकटला. मग वाइनमध्येच शिजवलेल्या बीफचा तुकडा खाल्ला, आणि पुढचा घोट नरम लागला. मांसातल्या प्रथिनांनी टॅनिन आधीच धरलं, लाळेच्या वाटेला कमी आलं. गुलाबाचा वास मात्र दोन्ही वेळा तसाच.

शब्दनिष्ठ:
मूळ दुखणं कोणी बोलतच नाहीये. 'वाइन' कशाला? 'द्राक्षासव' आहे. 'टॅनिन' कशाला? 'कषायद्रव्य' आहे. 'स्ट्रक्चर' म्हणजे 'संरचना'. आपणच वापरले नाहीत तर हे शब्द रुजणार कधी?

जुना_नाशिककर:
द्राक्षासव औषधाच्या दुकानात मिळतं, जेवणानंतर चमच्याने घेतात. त्याच नावाने बारोलो विकायला ठेवाल तर गिऱ्हाईक काय समजेल? आमच्या भागातला शेतकरी 'वाइन द्राक्षं' म्हणतो. खायच्या थॉमसनपेक्षा ती वेगळी: मणी बारीक, साल जाड, आत बी. सरकारने 2001 साली द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं, वायनऱ्या वाढल्या, आणि तोडणीला येणाऱ्या मजूर बायकासुद्धा 'वायनरी' म्हणायला लागल्या. शब्द रुजलाय. आता उपटू नका.

शब्दनिष्ठ:
रुजलेलं सगळं पीकच असतं असं नाही, तणही रुजतं.

गावकूस:
टॅनिनच्या नावात 'तान' आहे, कातडं कमावायची ओकची साल. आपल्याकडे तेच काम बाभळीची साल, हिरडा, तरवड करतात. म्हणजे बारोलोने तोंड 'कमावलं जातं' असं म्हणता येईल. आणि नेब्बिओलो बघा: इटालियन 'नेब्बिया' म्हणजे धुकं, लॅटिन 'नेबुला', संस्कृत 'नभस्'. आपलं नभ आणि हे द्राक्ष एकाच कुळातलं!

तोरिनोकर:
धुक्याची व्युत्पत्ती इथेही लाडकी आहे, कारण हे द्राक्ष उशिरा, ऑक्टोबरात तोडतात आणि तेव्हा टेकड्या धुक्यात असतात. काही जण मण्यांवरच्या पांढुरक्या लवेमुळे नाव पडलं म्हणतात, काही 'नोबिले' म्हणजे खानदानी इथवर जातात.

तळकोकण:
कमावलेलं तोंड नको हो, वाचायलाच कसंतरी होतं. स्ट्रक्चरला 'हाडपेर' घ्या. हाडापेराने मजबूत म्हणतो ना आपण? अंग वेगळं, हाडपेर वेगळं. माणूस अंगाने किरकोळ असला तरी हाडापेराने दणकट असू शकतो. बारोलो दिसायला फिकी, पण हाडपेर जबरदस्त. व्होल्ने नाजूक हाडापेराची.

वेलची:
हे चपखल बसतंय! टॅनिन आणि आंबटपणा हाडापेरात, तोंडात जाणवणारा भरीवपणा अंगात.

शब्दनिष्ठ:
हाडपेर माणसाला आणि बैलाला असतं. पेयाला हाडं?

जुना_नाशिककर:
फ्रेंचांनी पेयात छपराचे वासे घातले ते चाललं?

तोरिनोकर:
'जबरदस्त' सरसकट लावू नका एवढंच. 1980 च्या दशकात इथे मोठा वाद झाला. जुने लोक सालीसकट रस कित्येक आठवडे ठेवायचे आणि मोठ्या पिंपात मुरवायचे. नव्यांनी तो काळ कमी केला, सव्वादोनशे लिटरची छोटी फ्रेंच पिंपं आणली. त्याने व्हॅनिलाचा वास आला आणि लाकडाचं टॅनिनही आलं. कोणत्या घरची आहे त्यावर हाडपेर ठरतं.

गावकूस:
एक शंका. सगळे 'ती बारोलो' लिहिताय. इटालियनमध्ये तो बारोलो आहे ना?

तोरिनोकर:
हो, पुल्लिंगी. फ्रेंचमध्ये तर प्रांत 'ला बुर्गोन्य' आणि वाइन 'ल बुर्गोन्य'.

वेलची:
मराठीत वाइन ती, म्हणून बारोलोही ती. मी हे बदलणार नाही.

शब्दनिष्ठ:
आसव नपुंसकलिंगी आहे. 'ते बारोलो' लिहा.

जुना_नाशिककर:
'ते बारोलो' म्हटलं की मला आदराने कोणा पाहुण्यांबद्दल बोलताय असंच वाटतं.

तळकोकण:
फेणी ती, पण ऊर्राक, म्हणजे काजूच्या बोंडूची पहिल्या धारेची दारू, तो की ती? आमच्या घरात यावर एकमत नाही. गोव्याचं कोणी आहे का इथे?