निशाणी ५ चा अर्ज मी लिहायचा, उभं दुसऱ्याने राहायचं?

खाडीकाठची_वकील:

सनद घेऊन दुसरं वर्ष चालू आहे. रत्नागिरी जिल्ह्यातलं तालुका कोर्ट. कुठलं ते सांगत नाही, आमचा बार एवढासा की दोन वाक्यांत ओळखतील.

सिनिअरांचं ऑफिस मोठं आहे. वाटपाचे दावे, कलमांच्या बागांच्या हद्दी, देवळातल्या मानाची भांडणं, मुंबईकरांची कुलमुखत्यारपत्रं. सातबारे-फेरफार मी काढते, तलाठ्याला मी गाठते, दाव्याचा मसुदा माझा, निशाणी ५ चा, म्हणजे तात्पुरत्या मनाईचा, अर्जही माझाच. युक्तिवादाची वेळ आली की फाईल माझ्या हातातून जाते. माझ्यानंतर आलेले दोघे मुलगे आज उलटतपास घेतात. सर म्हणतात, "पार्टी तुझ्याशी मोकळी होणार नाही."

बाई म्हणून असेल असं मी धरून चालले होते. मग ऑफिसात दुसरी मुलगी आली. "उशीर नको, घरचे काय म्हणतील" हे तिलाही ऐकवतात, पण कोर्ट कमिशनरचा उलटतपास तिला मिळाला. तिच्यामाझ्यात फरक एकच. गणपतीत मुंबईहून आलेला अशील खुर्चीत टेकल्या टेकल्या विचारतो, "गाव कुठला?" मंडणगड तालुक्यातलं गाव सांगते. "वाडी कुठची?" वाड्यांची जातीवाचक नावं बदलायचा निर्णय सरकारने २०२० सालीच घेतला, विचारणाऱ्यांपर्यंत तो पोचलेला नाही. मी "बौद्धवाडी" म्हणते. पुढच्या तारखेपासून तो फक्त सरांशी बोलतो.

बाररूममध्ये मागे एकजण बोलला, "यांची सनद सव्वाशेत." हो, ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम २४ मध्ये एससी-एसटीला १२५ आणि बाकीच्यांना ७५० रुपये एवढंच लिहिलंय. बार कौन्सिलं त्यावर हजारोंनी घेत होती, ते सुप्रीम कोर्टाने जुलै २०२४ मध्ये बंद केलं. त्या टोमण्याला हसलेल्या पोराने माझ्यासोबतच सनद घेतली. त्याचेही पैसे त्याच निकालाने वाचले.

स्टायपेंडचं विचारू नका. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ग्रामीण भागासाठी महिना १५,००० ची शिफारस केली. आमच्याकडे पेट्रोलपुरते मिळतात, तेही सरांचा मूड बघून.

खरी अडचण पुढे आहे. मला जेएमएफसीची, म्हणजे खालच्या कोर्टातल्या न्यायाधीशपदाची, परीक्षा द्यायची आहे. मे २०२५ च्या निकालाने तीन वर्षांची वकिली पुन्हा सक्तीची झाली, आणि दाखला द्यायचा दहा वर्षं झालेल्या वकिलाने. म्हणजे सरांनी. तक्रार केली तर दाखला गेला, गप्प बसले तर तिसरं वर्षही तलाठ्याच्या दारात. ऑफिस सोडू का? आणि अशी तक्रार होते तरी कुठे?

आंबेकाजू:

कोकणात असलं काही नसतं, घाटावरचे विषय उगाच इकडे आणू नका. ज्युनिअर म्हटला की फाईल उचलणारच. माझ्या सिनिअरांनी मला त्यांच्या घरचा गॅस सिलिंडरसुद्धा आणायला लावला होता. जरा कळ काढा.

मालवणी_वकीलबाई:

आंबेकाजू, सिलिंडर आणून झाल्यावर तुम्हाला कोर्टापुढे उभं केलं की नाही? ती तेवढंच विचारतेय.

बाय, बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे तुझ्याच तालुक्यातलं. तिथल्या घराण्यातला माणूस ग्रेज इनची बॅरिस्टरी घेऊन आला, १९२३ साली मुंबई हायकोर्टात वकिलीला लागला, आणि सॉलिसिटर त्याला ब्रीफ देईनात. घर चालवायला व्यापारी कायदा शिकवावा लागला. त्याच १९२३ साली कायदा होऊन बायकांना वकिलीचं दार उघडलं. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजींनी ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा १८९२ लाच दिली होती, पण पुढची जवळजवळ तीस वर्षं सनदेविना काढली. तू या दोन्ही रांगांत उभी आहेस. तुला तोंडावर कोणी काही बोलत नाही, नुसतं काम देत नाहीत. ते जुनं आहे आणि त्याचा कागद कुठे राहत नाही.

तक्रारीचं आधी सांगते. लैंगिक छळाचा २०१३ चा कायदा तू लिहिलेल्या गोष्टीला लागत नाही. लागला असता तरी मुंबई हायकोर्टाने जुलै २०२५ मध्ये म्हटलंय की वकील आणि बार कौन्सिल यांच्यात मालक-नोकर नातं नाही, म्हणून वकिलांच्या तक्रारींसाठी त्या कायद्याखालची समिती कौन्सिलला नेमावी लागणार नाही. वाट ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम ३५ ची, बार कौन्सिलकडे व्यावसायिक गैरवर्तनाच्या तक्रारीची. मला हे पटलेलं नाही. निवाडा करणारे वकील, ज्याच्याविरुद्ध तो वकील, आणि तालुक्यातल्या मुलीने मुंबईला तारखा करायच्या!

ॲट्रॉसिटीच्या कलम ३(१)(आर) आणि (एस) ला अपमान लोकांदेखत झालेला लागतो. बाररूममध्ये लोक होते, पण जातीचं नाव त्याने घेतलं नाही, त्यामुळे (एस) टिकणं कठीण. तरी कोण बोललं, कोणी ऐकलं, तारीख काय, हे लिहून ठेव. काम न देणं मात्र कुठल्या कलमात बसवायचं, मला तरी सापडलेलं नाही.

आता कामाचं. माझ्याकडे सुरुवातीला फक्त पोटगी आणि घरगुती हिंसाचार यायचं. "बायकांचं बायकांना कळतं" म्हणून पुरुष वकीलच पाठवायचे, कारण त्यात पैसा नाही. मी ती प्रकरणं घेतली, पण जोडीला महसुलाचं काम धरलं. तहसीलदार, प्रांत इथे मोठे सिनिअर फारसे फिरकत नाहीत, फी थोडी आणि हेलपाटे फार. कुळकायद्याचे ७०-ब चे अर्ज, म्हणजे माणूस कूळ आहे की नाही ते ठरवायचे, ३२-ग खाली कुळाने घ्यायच्या जमिनीची किंमत ठरवणं, मामलेदार कोर्टाच्या १९०६ च्या कायद्याखाली अडवलेल्या वाटा. खोती १९४९ च्या कायद्याने गेली, पण कसणाऱ्याचं नाव सातबाऱ्यावर चढायचं राहूनच गेलंय अशी घरं तुझ्या वाडीत आणि शेजारच्या कुणबीवाडीत हमखास सापडतील. कागद पत्र्याच्या पेटीत असतात, विचारल्याशिवाय कोणी काढत नाही. तिथे "वाडी कुठची" विचारलं की तुझं काम वाढतं.

खालच्या कोर्टात पहिली मोठी उलटतपासणी मी घेतली ती अशाच एका कुळाच्या मुलाची होती. समोरचे वकील पहिली दहा मिनिटं मला "ताई" म्हणत होते, मग "विद्वान वकील" म्हणायला लागले.

विधी सेवेच्या पॅनेलवर यायला साधारण तीन वर्षं लागतात, ते पुढच्या वर्षी बघ. नेमणुकीचं पत्र तुझ्या नावाने निघतं. ऑगस्ट २०२५ पासून आपल्या दोन्ही जिल्ह्यांची अपिलं कोल्हापूरच्या सर्किट बेंचला जातात. तिथे सगळेच नवे आहेत, तेव्हा जाऊन बसत जा, ओळखी होतील.

आंबेकाजू:

होय, उभं केलं. पण ते माझे मामाही होते.

निवृत्त_शिरस्तेदार:

वकीलबाई, काम न देणं बसतं एका ठिकाणी. नागरी हक्क संरक्षण कायदा १९५५, कलम ४. अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणाला व्यवसाय करायला आडकाठी केली तर तो गुन्हा आहे. कलम १२ प्रमाणे, अनुसूचित जातीच्या माणसाबाबत असं कृत्य घडलं की ते अस्पृश्यतेपोटीच घडलं असं कोर्ट धरून चालतं, उलट शाबीत होईपर्यंत. सिनिअरने युक्तिवाद करू दिला नाही याला आडकाठी म्हणतील का, तो वादाचा मुद्दा, म्हणून फिर्याद द्यायला धावू नकोस बाळ. कलम माहीत असलेलं बरं.

दाखल्याचं तू अर्धंच वाचलंयस. निकालात "किंवा" आहे. दाखला त्या कोर्टाचे प्रमुख न्यायाधीश देऊ शकतात, किंवा त्याच कोर्टातला दहा वर्षं झालेला कोणताही वकील देऊ शकतो, त्यावर न्यायाधीशांचा शेरा लागतो. तुझ्याच सिनिअरची सही हवी असं कुठे म्हटलंय? आणि वकिली मोजतात ती तात्पुरत्या नोंदणीपासून.

न्यायाधीश शेरा कशावर मारणार? कागदावर. आयुष्यभर रोजनामे, म्हणजे दाव्यात त्या त्या तारखेला काय झालं त्याच्या नोंदी, लिहिलेत म्हणून सांगतो: नुसती तारीख मागायला उभी राहिलीस तरी आपलं नाव सांगायचं आणि रोजनाम्यात आलंय का ते बघायचं. लाजायचं नाही. वकीलपत्रावर सिनिअरसोबत तुझी सही घाल. ती घेऊ देत नसतील तर मग ऑफिस सोडायचा विचार कर, त्याआधी नको.

खाडीकाठची_वकील:

काका, तो "किंवा" मी खरंच पाहिला नव्हता. दहा वर्षं झालेल्या एक मॅडम आहेत आमच्याकडे, उद्याच बोलते. वकीलपत्रावर माझी सही सर घेत नाहीत, तेव्हा उत्तर मिळालंच म्हणायचं. पण मे महिन्याची सुट्टी लागेपर्यंत थांबते, तीन दाव्यांचे मसुदे अर्धवट आहेत आणि त्या अशिलांचा काही दोष नाही.

ताई, वाटेवरून आठवलं. आमच्याच गावात वाडीतून विहिरीकडे जाणारी वाट एकाने चिऱ्याचा गडगा घालून अडवली आहे. सगळे म्हणतात सरांकडे जाऊ. मी एकटीच्या सहीने मामलेदार कोर्टात गेले तर चालेल? सरांना आधी सांगू की नंतर?

मालवणी_वकीलबाई:

चालेल. सरांना दाखल केल्यावर सांग, तोंडी नको, दोन ओळी लिहून. पण गडगा कधी घातला ते आधी विचार. मामलेदार कोर्टात कारण घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत जावं लागतं. गणपतीत घातला असेल तर मुदत संपत आली असेल किंवा संपलीही असेल, आणि मग तुला दिवाणी दावाच करावा लागेल, म्हणजे निशाणी ५ आलीच. वाट नकाशावर आहे का, ते भूमी अभिलेखात बघ. नसेल तर विहिरीवर जाणाऱ्या वयस्कर बायका साक्षीला घे. पुरुष साक्षीदार ऐनवेळी मुंबईला असतात.