वर्षावास आणि गृहस्थ

वर्षावास, म्हणजे पावसाळ्यात बौद्ध भिक्खूंनी एका जागी राहण्याचा काळ, हा केवळ भिक्खूंचा विषय आहे, असे आपण म्हटले; ते मत मला अपुरे वाटते. पावसाळ्यात चारिका, म्हणजे गावोगाव भ्रमण, करणारे भिक्खू कोवळे गवत आणि बारीक जीव तुडवतात, अशी तक्रार लोकांनीच केली आणि तेव्हा बुद्धांनी तीन महिने एका जागी राहण्याचा नियम घालून दिला. म्हणजे त्याच्या मुळाशी गृहस्थांचाच आवाज आहे. आमच्या नायगावच्या चाळीतील विहारात या काळात रोज रात्री बाबासाहेब आंबेडकरांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ वाचला जातो. पांढरी साडी नेसलेल्या आजी ओल्या छत्र्या दाराशी टेकवून बसतात आणि अडलेला शब्द नातीकडून वाचून घेतात. वर्षावासाच्या शेवटी, आश्विन पौर्णिमेला होणाऱ्या पवारणा या विधीत भिक्खू एकमेकांना आपले पाहिलेले, ऐकलेले वा शंका आलेले दोष दाखवण्याची विनंती करतात, आणि मला तरी सबंध वर्षावासात हाच विधी सर्वांत मोलाचा वाटतो.